संगणकाच्या वेगाचा नियामक कोणीं नेमावा?

मनुष्य जी गोष्ट स्वतः निवडतो तिच्याविषयीं तो पुष्कळ बोलतो. परंतु जी गोष्ट त्याच्यासाठीं दुसऱ्या कोणीं आधींच निवडून ठेविलेली असते, तिचा त्यास बहुधा पत्ताहि नसतो. घरांत नवा लॅपटॉप घ्यावयाचा ठरला म्हणजे वडील मंडळी दुकानांत जाऊन किंमत विचारतात, स्मृति किती, पडदा केवढा, बॅटरी किती तास पुरते, याची बारकाईनें चौकशी करतात. पण हें यंत्र घरीं नेऊन चालू केल्यावर त्याच्या प्रोसेसरानें कोणत्या वेळीं किती वेगानें धांवावें, हें कोणीं व कोणत्या हिशेबानें ठरविलें आहे, असा प्रश्न एखाद्या गिऱ्हाइकानें केल्याचें निदान आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. आणि ज्या बॅटरीची चौकशी एवढ्या आस्थेनें होते, तिचें आयुष्य कांहीं अंशीं या निवडीवरहि अवलंबून असतें. म्हणून प्रस्तुत लेखांत या निवडीचा विचार करण्याचें योजिलें आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल. परंतु आमच्या शाळेंतील भौतिकशास्त्राच्या वर्गांत जो बसला आहे त्यास तो जड जाण्याचें कारण नाहीं.

हा विचार आपण लिनक्स या प्रणालीच्या आधारें करूं. तिचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात (लष्करांतील कर्नलाशीं याचा कांहीं संबंध नाहीं), तो हेलसिंकी येथील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. पुढें जगांतील हजारों लेखकांनीं त्यांत भर घातली. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आलेलें आहे. परंतु महासंगणकांची गोष्ट दूर राहूं द्या. ज्या वाचकाच्या खिशांत अँड्रॉइडचा मोबाइल आहे, त्याच्या खिशांत हाच गाभा आहे. याची सर्व लेखी सामग्री कोणासहि उघडून वाचतां येते. त्यामुळें ही निवड कोणत्या ओळींत झाली, हें बोट ठेवून दाखवितां येतें. इतर प्रणालींत हेंच सर्व घडतें, पण पडद्याआड.

आतां मूळ शास्त्राकडे वळूं. प्रोसेसराच्या आंत एक ठोका सतत पडत असतो. त्याचा वेग ३ गिगाहर्ट्झ आहे असें म्हटलें म्हणजे एका सेकंदांत ३०० कोटी ठोके पडतात असा अर्थ. प्रत्येक ठोक्याबरोबर आंतील असंख्य सूक्ष्म स्विच उघडतात व मिटतात आणि प्रत्येक उघडझापीला थोडी वीज खर्च होते. हा खर्च तीन राशींच्या गुणाकाराच्या प्रमाणांत असतो : त्या स्विचांची विद्युद्धारकता, विजेच्या दाबाचा म्हणजे व्होल्टेजचा वर्ग, आणि ठोक्यांचा वेग. येथें ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्व हिशेब त्याच्यावर फिरतो.

समजा, ठोक्यांचा वेग निम्मा केला, पण दाब होता तसाच ठेविला. दर क्षणाचा खर्च निम्मा झाला खरा. परंतु तेंच काम उरकण्यास आतां दुप्पट वेळ लागणार. अर्ध्यास दोहोंनीं गुणिलें कीं पूर्ण एक. म्हणजे कामामागें खर्च झालेली वीज पहिल्याइतकीच, आणि वर मनुष्य ताटकळत बसला तो निराळाच. परंतु वेग कमी केला असतां दाबहि कमी करतां येतो, कारण सावकाश उघडणाऱ्या स्विचास थोडा दाब पुरतो. दाब मूळच्या चार पंचमांश केला असें धरूं. ०·८ चा वर्ग ०·६४. त्याचें अर्धें ०·३२. आणि वेळ दुप्पट म्हणून पुन्हां ०·६४. म्हणजे तेंच काम शंभराऐवजीं चौसष्ट भाग विजेंत झालें. प्रत्यक्षांत स्वस्थ असतांनाहि थोडी वीज झिरपून जाते, व जितका वेळ अधिक तितकी झिरपहि अधिक. त्यामुळें लाभ एवढा स्वच्छ नसतो. तरी तत्त्व हें असें आहे.

हें तत्त्व न ओळखतां केलेल्या काटकसरीचें एक गमतीचें उदाहरण लिनक्सच्याच इतिहासांत आहे. पेंटियम ४ जातीच्या प्रोसेसरासाठीं असा एक चालक लिहिला गेला होता कीं तो दाबास हात न लावतां मधले मधले ठोके नुसते गाळी. यंत्र थोडें थंड राही. पण तें इतकें मंद होई व वापरणाऱ्यास इतकें अडखळवी कीं, अगदीं असाधारण प्रसंगाशिवाय याचा उपयोग करूं नये, असा इशारा त्या चालकाच्या माहितींतच छापलेला आहे. पाणी वांचविण्यासाठीं नळ बारीक सोडून तीच घागर दुप्पट वेळानें भरावी, तशांतला हा प्रकार.

दाब व वेग दोन्ही एकत्र खालींवर करण्याची खरी सोय घरगुती यंत्रांत २००० सालाच्या सुमारास आली. त्या वर्षीं इंटेलनें लॅपटॉपसाठीं ‘स्पीडस्टेप’, एएमडीनें ‘पॉवरनाउ’ व ट्रान्समेटानें ‘लाँगरन’ अशीं नांवें देऊन ही युक्ति बाजारांत आणिली. चारच वर्षांनीं, २००४ सालीं, इंटेलनें आपला पुढचा अधिक वेगवान प्रोसेसर ‘तेजस’ तयार होण्यापूर्वींच सोडून दिला. कारण वेगापाठोपाठ येणारी उष्णता आवरेनाशी झाली होती. (नांव संस्कृत असून तेज मात्र पडद्यावर पडण्याऐवजीं पंख्यावर पडणार होतें!) तेव्हांपासून वेग वाढविण्याइतकेंच वेग आवरणें हेंहि महत्त्वाचें झालें.

आवरणारा जो भाग, त्यास कर्नलांत ‘गव्हर्नर’ असें नांव आहे. हें नांव राजभवनांतून आलेलें नाहीं. १७८८ सालीं जेम्स वॉट यानें आपल्या वाफेच्या यंत्रास दोन फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला. यंत्र फार जलद झालें कीं गोळे बाहेर फांकत व वाफेची झडप मिटत जाई. मंदावलें कीं गोळे खालीं येत व झडप उघडे. पवनचक्कींत अशा गोळ्यांचा उपयोग त्यापूर्वींच होत होता. पुढें १८६८ सालीं क्लार्क मॅक्सवेल यानें या नियामकांवर गणिती निबंध लिहिला व नियमनशास्त्राचा पाया घातला. वॉटच्या गोळ्यांस एकच गोष्ट कळे : यंत्राचा आतांचा वेग. संगणकाच्या गव्हर्नरास मात्र अवघड काम दिलेलें आहे. पुढच्या क्षणीं किती काम येणार, याचा अंदाज त्यास मागच्या क्षणावरून बांधावा लागतो.

लिनक्समध्यें असे गव्हर्नर अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ‘परफॉर्मन्स’ हा परवानगी असेल त्या कमाल वेगाचीच मागणी सतत धरून बसतो. ‘पॉवरसेव्ह’ त्याच्या अगदीं उलट, सदैव किमान वेगावर. ‘यूझरस्पेस’ स्वतः कांहींच ठरवीत नाहीं. सांगितलें तेवढें करतो. २००४ सालीं ‘ऑनडिमांड’ आला. तो ठराविक काळानें यंत्र किती वेळ कामांत होतें तें मोजतो आणि भार मर्यादेपलीकडे गेला कीं एकदम कमाल वेगावर उडी घेतो. पुढच्याच वर्षीं आलेला ‘कन्झर्व्हेटिव्ह’ तेंच काम पांच पांच टक्क्यांच्या पायऱ्यांनीं करतो. त्याचा स्वभाव जरा सावध. या सर्वांत एक उणीव होती. कोणतें काम केव्हां चालवावयाचें हें ठरविणारा कर्नलचा जो भाग, त्यास कामाची खडान्खडा माहिती असे. आणि गव्हर्नर मात्र त्यास न विचारतां बाहेरून नाडी पाहून अंदाज करी. जुलै २०१६ मध्यें कर्नलच्या ४·७ या आवृत्तींत ‘शेड्यूटिल’ आला, त्यानें ही उणीव दूर केली. तो त्या व्यवस्थापकाकडूनच भाराचा आकडा घेतो, त्यावर चौथा हिस्सा वाढवितो आणि त्या प्रमाणांत वेग मागतो. भार शेंकडा ८० झाला म्हणजे १·२५ नें गुणून १०० होतात व कमाल वेगाची मागणी होते. ही २५ टक्क्यांची शिल्लक अचानक आलेल्या पाहुण्यासाठीं राखलेल्या पोळ्यांसारखी आहे. तिचें महत्त्व पुढें एका हकीकतींत दिसेल.

एवढे गव्हर्नर हजर असतां, यंत्र चालू होतांच गादीवर कोण बसणार? हीच ती मुळांतली निवड, जिला संगणकाच्या भाषेंत ‘डिफॉल्ट’ म्हणतात. कर्नल बांधतांना एक प्रश्नावली भरावी लागते, तींत हा प्रश्न आहे. बरींच वर्षें साधारण घरगुती यंत्रांच्या बाबतींत त्याचें ठरीव उत्तर ‘परफॉर्मन्स’ असें होतें. आतां एआरएम जातीच्या प्रोसेसरांसाठीं, तसेंच इंटेल व एएमडी यांचे नवे चालक असतील तर बहुतेक यंत्रांसाठीं, ‘शेड्यूटिल’ हें ठरीव उत्तर आहे. बाकीच्यांस शेवटीं ‘परफॉर्मन्स’च. या प्रश्नाखालीं जें साहाय्यक टिपण आहे, त्यांत शंका असल्यास ठरीव निवडच राहूं द्यावी, अशा अर्थाचा सल्ला आहे. सल्ला वावगा नाहीं. परंतु त्यामुळें ज्यानें ती ठरीव निवड लिहिली, त्याच्या शिरावर केवढा भार आला तें पहावें. शंका तर जवळजवळ सर्वांसच असणार! लिनक्सचे जे निरनिराळे वितरक आहेत, उबंटू, फेडोरा, डेबियन वगैरे, ते ही निवड आपल्या मतानें बदलूं शकतात. पण त्यांच्यापुढें जो अंतिम वापरणारा आहे, त्यास हा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं.

आमचें मत असें कीं, अशी निवड करतांना सरासरी माणूस कोण, हें न पाहतां, ती बदलण्याची शक्ति कोणास नाहीं, हें पहावें. ज्या संस्थेच्या तळघरांत दोनशें सर्व्हर आहेत, तेथें पगारी व्यवस्थापक असतो. त्यास ‘परफॉर्मन्स’ हवा असेल तर एक आज्ञा टंकण्याचें काम. आणि २०२० मधील ५·९ या आवृत्तीपासून तर यंत्र चालू करतांनाच हव्या त्या गव्हर्नराचें नांव सांगण्याची सोय झालेली आहे. उलट, जुना लॅपटॉप स्वस्तांत घेऊन त्यावर अभ्यास करणारा मुलगा, दुपारीं वीज गेली असतां बॅटरीवर हिशेब लिहिणारा दुकानदार, नातवाशीं चित्रभाषण करणारी आजी, यांस गव्हर्नर हा शब्द केवळ वर्तमानपत्रांतून ठाऊक असतो. निवड चुकली तर व्यवस्थापक ती अर्ध्या मिनिटांत दुरुस्त करील. आजी मात्र यंत्राचा पंखा गुरगुरतो म्हणून तें बिघडलें असें समजेल. तेव्हां मुळांत दिलेली निवड आजीच्या सोयीची असावी आणि व्यवस्थापकानें आपली आपण करून घ्यावी, हेंच न्याय्य दिसतें. म्हणजेच, मागणीप्रमाणें वेग खालींवर करणारा गव्हर्नर हाच सर्वत्र प्रारंभीं असावा.

याच्या विरुद्ध बाजूस जे बोलतात ते अडाणी नाहींत, आणि त्यांचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे. त्यांचा पहिला मुद्दा असा कीं, काम लवकर उरकून यंत्रास गाढ झोंप घेऊं देणें हेंच काटकसरीचें. प्रोसेसर रिकामा असला म्हणजे तो निरनिराळ्या खोलीच्या निद्रावस्थेंत जातो. अगदीं खोल अवस्थेंत त्याच्या भागांचा वीजपुरवठाच तुटतो व झिरपहि थांबते. मग रेंगाळत काम करून झिरप वाढवावी कशाला? यांत तथ्य आहे. ‘परफॉर्मन्स’ गव्हर्नर लावला म्हणजे यंत्र अहोरात्र भट्टीसारखें धगधगतें, हा सामान्य समज खोटा आहे. निजलेल्या प्रोसेसरास वेग नसतोच. आमच्या पक्षाचे कांहीं लेखक ही गोष्ट दडपून लिहितात, तें बरें नव्हे.

परंतु हा मुद्दा पूर्ण निजणें आणि पूर्ण धांवणें या दोनच अवस्था धरून चालतो. घरगुती यंत्राचा दिवस तसा जात नाहीं. चित्रपट चालू असतो, म्हणजे सेकंदास चोवीस चित्रें उलगडावयाचीं. एक चित्र फार लवकर उलगडलें म्हणून पुढचें कोणी लवकर मागत नाहीं. ब्राउझरांत दहा पानें उघडीं असतात आणि त्यांतील जाहिराती दर क्षणास कांहीं ना कांहीं हालचाल करीत असतात. अशा अर्धवट जागरणांत गाढ झोंप लागतच नाहीं, आणि प्रत्येक लहानशा कामासाठीं कमाल दाबानें उठावें लागतें. मघांचा वर्गाचा हिशेब येथें अंगावर येतो.

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत येथें आली म्हणजे तिला मागून जादा इंजिनें जोडतात, कारण पुढें बोरघाटाचा चढ आहे. लोणावळ्यास तीं सोडून देतात. तीं इंजिनें मुंबईपासूनच जोडून पुण्यापर्यंत नेलीं तर चढाची काळजी मुळींच राहणार नाहीं, हें कोणीहि कबूल करील. रेल्वे तसें करीत नाहीं.

विरुद्ध पक्षाचा दुसरा मुद्दा मात्र आम्हांस अधिक वजनदार वाटतो. गव्हर्नराचा अंदाज मागच्यावरून पुढचा असतो; म्हणून काम अचानक आलें तर पहिले कांहीं क्षण तें मंद वेगानेंच होतें. कळ दाबली आणि उत्तर येण्यास निमिषभर उशीर झाला, असें दिवसांतून हजार वेळां घडलें म्हणजे यंत्र सुस्त वाटतें. संगीताचें ध्वनिमुद्रण करणारास तर हा उशीर मुळींच खपत नाहीं. आवाजांत खंड पडतो. त्यांतून निरनिराळ्या प्रणालींची तुलना करणारे परीक्षक बहुधा मूळच्या निवडीवरच शर्यत लावतात, आणि शर्यतींत बॅटरीस गुण नसतात. त्यामुळें वितरकांस वेगाकडे झुकण्याचा मोह पडतो. उबंटूनें बरींच वर्षें एक तोड काढली होती : यंत्र ‘परफॉर्मन्स’वर सुरू करावयाचें म्हणजे तें झटकन उभें राहतें, आणि ६० सेकंदांनीं एका लहानशा लिपीनें गुपचुप ‘ऑनडिमांड’ लावावयाचा. युक्ति साधी, पण आम्हांस ती फार आवडते. तींत दोन्ही पक्षांचा मान राहिला.

अंदाज बांधणारा गव्हर्नर चुकला तर काय होतें, याचें सर्वांत बोलकें उदाहरण जानेवारी २०२४ मधील आहे, आणि तें खुद्द टोर्वाल्ड्स यांच्या घरचें आहे. ६·८ या आवृत्तीसाठीं नवे बदल ते स्वीकारीत असतां त्यांच्या एएमडी थ्रेडरिपर जातीच्या बलाढ्य यंत्रावर कर्नल बांधण्यास एकाएकी जवळजवळ दुप्पट वेळ लागूं लागला. बदलांचे निम्मे निम्मे भाग पाडून शोध घेतां दोष ‘शेड्यूटिल’च्या हिशेबांतील एका दुरुस्तींत सांपडला. प्रकार असा. कांहीं यंत्रांवर भार मोजण्याचें माप चालू वेगाच्या संदर्भांत असतें. यंत्र मंद वेगावर असून पूर्ण गुंतलें तर भार १०० टक्के दिसतो. त्यास १·२५ नें गुणिलें कीं १२५ येतात, आणि म्हणून गव्हर्नर वरच्या पायरीवर चढतो. नव्या दुरुस्तींत ही वाढ आधींच्या टप्प्यावर धरली गेली व एकूण आकडा १०० वर छाटला गेला. झालें! मंद वेगावर पूर्ण गुंतलेलें यंत्र ‘मला शंभर पुरतात’ असेंच म्हणत राहिलें आणि त्याच पायरीवर अडकून पडलें. पाहुण्यांच्या पोळ्या पानांत वाढण्यापूर्वींच डबा बंद झाला, असें म्हणा. दोष लवकरच दूर झाला व ती आवृत्ति पुढें सुखरूप प्रसिद्ध झाली.

या हकीकतीवरून कोणी म्हणेल, ‘पहा, परफॉर्मन्स असता तर हें घडलें नसतें.’ बरोबर आहे, घडलें नसतें. परंतु आम्ही तिच्यांतून दुसरीच गोष्ट घेतों. ज्यांच्या हातीं गाभ्याची किल्ली आहे, त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर तोच गव्हर्नर होता जो सामान्य माणसास मिळतो. म्हणून दोष प्रसिद्धीपूर्वीं सांपडला. जाणत्यांनीं आपल्यापुरता परफॉर्मन्स लावून घेतला असता आणि इतरांस शेड्यूटिल दिला असता, तर हाच दोष हजारों घरांत जाऊन बसला असता व तेथें कोणासहि तो ओळखतां आला नसता. स्वयंपाक करणारानें पंगतींत बसून तेंच अन्न खावें, ही रीत येथेंहि उपयोगी पडली.

आतां एका तक्रारीचा उच्चार केल्यावांचून राहवत नाहीं. ‘पॉवरसेव्ह’ या एकाच नांवाचे लिनक्समध्यें दोन अर्थ आहेत. साधारण गव्हर्नरांत त्याचा अर्थ सदैव किमान वेग. पण इंटेलसाठीं एप्रिल २०१३ मध्यें ३·९ या आवृत्तींत जो नवा चालक आला, त्याच्या स्वतःच्या पद्धतींत ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे भाराप्रमाणें वेग खालींवर करणारा, शेड्यूटिलच्या जवळचा प्रकार. त्या चालकाच्या सक्रिय पद्धतींत, प्रश्नावलींत ‘शेड्यूटिल’ लिहिलें असलें तरी यंत्रावर नांव दिसतें तें ‘पॉवरसेव्ह’. बिचारा वापरणारा तें वाचून दचकतो, आपणांस मुद्दाम मंद ठेविलें आहे असें समजतो, आणि घाईघाईनें ‘परफॉर्मन्स’ लावून बॅटरी गमावतो. कर्नलच्या कागदपत्रांत हा भेद स्पष्ट सांगितलेला आहे हें खरें. पण कागदपत्रें वाचणारास मुळांत फसण्याचें भय नव्हतेंच. दोन भावांस एक नांव ठेवणाऱ्या घरांत टपालाचा जो घोटाळा होतो, तोच हा. आमच्या मतें निवड कोणती यापेक्षांहि तिचें नांव खरें असणें अधिक निकडीचें आहे.

अलीकडे आणखी एक पालट झाला आहे. २०१५ पासून इंटेलच्या, आणि पुढें एएमडीच्याहि, प्रोसेसरांत वेग ठरविण्याचें काम प्रोसेसर स्वतःच करूं लागला आहे. कर्नल त्यास केवळ आपला कल कळवितो : शून्य ते २५५ मधील एक आकडा, शून्याकडे वेगाचा लोभ व २५५ कडे काटकसर. एएमडीसाठीं नवा चालक मार्च २०२२ मध्यें ५·१७ या आवृत्तींत आला. प्रोसेसरास निर्णय फार जलद घेतां येतो, कारण कर्नलास विचारण्याचा फेरा वांचतो. वर सांगितलेला ‘निमिषभर उशीर’ त्यामुळें पुष्कळ कमी होतो आणि विरुद्ध पक्षाचा दुसरा मुद्दाहि तितकाच हलका होतो. मात्र यांत एक गोष्ट हातची जाते. कर्नलांतील गव्हर्नर चुकला तर ओळ शोधून दुरुस्त करतां येते. सिलिकॉनमध्यें कोरलेला गव्हर्नर चुकला तर त्याची ओळ कोणास दाखवावयाची? जानेवारी २०२४ मध्यें जें थोड्या दिवसांत निभावलें तें तेथें तसें निभावेल, अशी खात्री आम्हांस वाटत नाहीं. म्हणून निदान तो कलाचा आकडा तरी उघड, बदलतां येण्यासारखा व मध्यावर ठेविलेला असावा, एवढा आग्रह धरणें प्राप्त आहे.

मोबाइलच्या बाबतींत मात्र हा वाद जवळजवळ मिटला आहे, आणि तो आमच्या बाजूनें. तेथें बॅटरीच सर्वस्व असल्यामुळें सदा कमाल वेग ही कल्पना कोणास सुचतच नाहीं. एआरएम जातीच्या प्रोसेसरांत कांहीं अंतर्भाग मोठे व जलद, तर कांहीं लहान व काटकसरी असे असतात. आणि कोणतें काम कोणत्या भागावर टाकल्यास वीज कमी लागेल, याचा हिशेब करणारी व्यवस्था मार्च २०१९ मध्यें कर्नलच्या ५·० या आवृत्तींत दाखल झाली. ती शेड्यूटिल असल्याशिवाय कामच करीत नाहीं. खिशांतल्या यंत्रास जें शहाणपण शिकविलें, तें मेजावरच्या यंत्रास शिकविण्यास एवढी वर्षें कां लागावीं, हें मात्र आम्हांस उलगडलेलें नाहीं. मेजावरचें यंत्र भिंतींतून वीज घेतें आणि तिचें बिल महिन्यानें येतें, हें एक कारण असावें.

विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या घरीं लिनक्सचें यंत्र असेल त्यांनीं वडिलांच्या परवानगीनें एक पाहणी अवश्य करावी. ‘सिस’ नांवाच्या कोषांत प्रत्येक प्रोसेसराचा एक खण असतो, त्यांत ‘सीपीयू-फ्रीक’ नांवाचा पोटखण, आणि त्यांत ‘स्केलिंग गव्हर्नर’ नांवाची एका शब्दाची फाइल. ती नुसती वाचण्यांत कोणताहि धोका नाहीं. शेजारीं चालू वेगाचा आकडा किलोहर्ट्झमध्यें लिहिलेला असतो, तोहि पहावा. एकदां यंत्र स्वस्थ असतांना, एकदां चित्रपट चालू असतांना, व एकदां एखादें जड काम दिल्यावर. जमल्यास वैशाखांतल्या दुपारीं व पौषांतल्या पहाटे असे दोन वेळचे आकडे टिपून ठेवावे. विदर्भाकडील ज्या मुलांस पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा ठाऊक आहे, त्यांचे आकडे कोंकणांतील मुलांच्या आकड्यांहून वेगळे येण्याचा संभव आहे, कारण फार तापलेला प्रोसेसर गव्हर्नराचें न ऐकतां आपला वेग आपणच उतरवितो. असे आकडे पुढील वर्षाच्या अंकासाठीं कोणीं पाठविले तर ते छापावे, अशी संपादकांस आमची विनंति आहे.